चौदावं प्रकरण, चुकीच्या घरी

पुंतारेनास,
हॉटेलची मागची बाजू (पुढच्या बाजूला बैलांना मनाई झाली आहे, कारण ओघात येईल)

तीर्थरूप एर्मिनियाताईस,

धाकट्या एवेलिओचा तुला आणि तोबियास दाजींना वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला, काळी कोंबडी आणि तिची अंडी हे सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो. मी बरा आहे. दाजींचे बैल माझ्याहून बरे आहेत. दाजींनी स्वयंपाकघरात फरशी घालायचं काढलं होतं, त्या कामाला हात लागला का? सहज विचारलं.

पुढे जे लिहिणार आहे ते वाचून, मी घरून काय काय घेऊन निघालो होतो याचा तुला विसर पडेल, म्हणून आधी नोंद करून ठेवतो. गाडी मी केली. चाकं सोळा-सोळा फाकांची, दोन फाकांच्या मध्ये नख शिरलं तर माझं नाव बदला. आख, साटा, दांडी, सगळं माझ्या रंध्याखालून गेलेलं. जू मी केलं. ते शिंगांना आवळायचे चामडी पट्टे मी कापले. पराणी कॉफीच्या लाकडाची, तीही माझी. पायातल्या चपला माझ्या. (टोपी विकतची आहे. खोटं कशाला लिहू?) आणि कादंबरी. चारशे अकरा पानं, स्वतः लिहिलेली, स्वतः शिवलेली, वर शेळीचं कातडं स्वतः चढवलेलं. यातलं काहीही मी कुठल्या शाळेत शिकलेलो नाही. सगळ्या गाडीत माझ्या हातची नाही अशी एकच वस्तू होती, डाव्या चाकाच्या तुंब्यातलं लोखंडी कडं. नासारिओ आजोबांच्या गाडीचं ते कडं तुझ्या गोठ्यात खिळ्याला लटकत होतं. तू म्हणालीस, "ने, पण परत आण." ताई, त्या कड्याने आपला घात केला. बसून वाच. आणि स्टुलावर नको, खुर्चीवर बस.

ऐतिहासिक कादंबरीकारांचं संमेलन पुंतारेनासला भरणार, राजधानीहून प्रकाशक ग्रिसेल्दाबाई येणार आणि जमलेल्या बाडांमधून एकच उचलून छापणार, हे तुला ठाऊक आहे, कारण वर्षभर तुझ्या ताटावर बसून मी दुसरं काही बोललेलो नाही. बसने यायला सकाळ पुरते. पण ज्याने अकरा वर्षं खर्चून आजोबांवर कादंबरी लिहिली, त्यांनी गुळाच्या ढेपा भरून घाट कसा उतरला आणि मीठ भरून तो परत कसा चढला हे लिहिलं, त्याने बसच्या खिडकीत केळी खात यावं? म्हणून गाडी जुंपली. ग्रेसियाहून आतेनास, तिथून आग्वाकातेचा घाट, खाली सान मातेओ, मग समुद्र. आजोबांचाच रस्ता. एकूण एक तपशील पायाखालून घालायचा, हा निश्चय. सामानासाठी फाउस्तिनो गुरुजींची जीप मागे ठेवली. (गुरुजींनी चाच्यांवर कादंबरी लिहिली आहे हे तुला माहीत आहे. त्यांचे चाचे पंधराशे ऐंशी साली आपल्या किनाऱ्यावर बसून कॉफी पितात. तेव्हा इथे कॉफी आलीच नव्हती हे मी त्यांना तीनदा सांगितलं. ते म्हणतात, "सुतारबुवा, पितात तर पिऊ द्या, तुमच्या घरची आहे का?")

पहिला धक्का वेशीबाहेरच बसला. तिसऱ्या प्रकरणात आजोबा गुळाच्या ढेपांवर उताणे पडून आभाळ बघतात आणि बैल आपले आपण वाट काढतात, हे तुला मी वाचून दाखवलं होतं, तुझे डोळे भरून आले होते. तसं करून पाहावं म्हणून मी वर चढलो. कानेलो आणि लुसेरो जागच्या जागी थांबले आणि दोघांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, मी दुसऱ्यांदा भात मागितला की दाजी बघतात तसं. खाली उतरून पराणी घेऊन पुढे चालू लागलो की निघाले. वर चढलो की थांबले. चार वेळा झालं. गुरुजी जीपमधून ओरडून म्हणाले, "बैलांनी वाचलेलं दिसतंय तिसरं प्रकरण." तेव्हा पुंतारेनासपर्यंत मी पायी आलो आहे हे दाजींना सांग, आणि जनावरं त्यांनीच शिकवली आहेत हेही सांग. तिसरं प्रकरण मी आतेनासच्या अलीकडे रद्द केलं.

घाटात मन जरा शांत झालं, कारण गाडी बोलायला लागली. उतारावर चाक आखावर किंचित मागेपुढे सरकतं, कडं आपटतं, आणि ठण्ण् असा जो सूर निघतो तो त्या गाडीचा एकटीचा. (गुरुजींना वाटत होतं घंटा बांधली आहे. घंटा!) दोमितिला आजी तीन वळणांवरून तो सूर ओळखायची, कातणं खाली ठेवायची, चुलीवर पाणी चढवायची आणि त्यात गूळ फोडायची. आजोबा अंगणात येईपर्यंत गुळाचं पाणी उकळलेलं असायचं. माझं चौदावं प्रकरण म्हणजे एवढंच आहे. अकरा वर्षांत मी त्यात फक्त एक स्वल्पविराम बदलला. संमेलनात मी तेच वाचणार होतो. सगळी कादंबरी त्या सुरावर उभी आहे, की एक माणूस होता, त्याची एक गाडी होती, आणि तो सूर ओळखणारं एक घर होतं.

आता नववं प्रकरण आठव. मीठ आणायला आजोबांना दर खेपेला एवढे दिवस का लागायचे, याचा मी जो शोध लावला तो. भरती-ओहोटीची तालिका, मिठागरातल्या लोकांचा आळस, पोती वाळायला लागणारं ऊन. अकरा पानं. दाजी ऐकताना झोपले होते, पण तू म्हणालीस, पटतं. ताई, ते प्रकरण चूक आहे. मिठाला दोन दिवस पुरतात.

सान मातेओच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक निळं घर आहे. ओसरीवर एक म्हातारी घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. गाडीचा सूर तिथे पोचला आणि तिचा हात थांबला. तिने शेंगांची पाटी खाली ठेवली. उठली, आत गेली. मला उघड्या दारातून सगळं दिसत होतं. तिने चुलीवर भांडं चढवलं, ढेप काढली, दगडाने खडा फोडला आणि पाण्यात टाकला. मी रस्त्यात उभा राहिलो. माझं चौदावं प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, एकही हालचाल इकडची तिकडे नाही, फक्त घर चुकीचं होतं आणि बाई चुकीची होती. (बैल त्या दारात आपोआप थांबले असं गुरुजी इथे सांगत सुटले आहेत. बैल मी थांबलो म्हणून थांबले. कानेलो आठ वर्षांचा आहे, आजोबांना जाऊन साठाच्या वर वर्षं झाली. माणसाने लिहिताना किमान वजाबाकी करावी.)

मग ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "आई, बाबा आले." म्हणून झाल्यावर आपली आपणच ओशाळली, पदराने... नाही, पदर नव्हता, झग्याच्या घोळाने हात पुसत बाहेर आली आणि मला नीट बघून म्हणाली, "आई जाऊनही जमाना झाला. तोंडातून गेलं. गाडी कुणाची?"

मी म्हटलं, "माझी. मी स्वतः बनवली."

"गाडी असेल तुझी. आवाज तुझा नाही. चल, पाणी उकळतंय, बस."

आता ज्या स्टुलावर तिने मला बसवलं त्याविषयी लिहितो, आणि इथे तू दम घे. मी बसलो. स्टूल डुगडुगलं. तिने बोलता बोलता, न बघता, पायाच्या अंगठ्याने एक लाकडाची चकती सरकवून एका पायाखाली घातली. जन्मभर करत आल्यासारखी. मी उठलो आणि स्टूल उलटं केलं. (कुणाच्या घरी असं करू नये हे मला कळतं. पण हात ऐकत नाहीत.) चार पाय. तीन सारखे, चौथा दोन बोटं आखूड, तिरका कापलेला, आणि वरून काळ्या लाकडाची पाचर. ताई, असं स्टूल जगात आपल्या स्वयंपाकघराशिवाय कुठेच नाही. आपल्या चुलीपाशी खालच्या खडकाने जमीन एका कोपऱ्यात उचलली आहे, म्हणून आजोबांनी आपली सगळी स्टुलं एका पायाने आखूड केली. त्या उंचवट्यावर आखूड पाय ठेवला की स्टूल कसं देवासारखं स्थिर बसतं. आणि इथे, सपाट जमिनीवर, तीन स्टुलं, तिन्ही तशीच.

मी विचारलं, "हे असं कुणी केलं?"

"बाबांनी. मिठाच्या खेपेला आले की काहीतरी करत बसायचे." मग हसली आणि म्हणाली, "माणूस लाखाचा होता. पण मोजमाप जमत नसे बिचाऱ्याला. आई म्हणायची, जाऊ दे, चकती घाल."

ताई, आजोबांचं दुसरं घर होतं हा धक्का मी त्या क्षणी गिळला असता. तोंड मिटून गुळाचं पाणी प्यायलो असतो, कडं काढून खिशात टाकलं असतं आणि तुला कधी काही कळलं नसतं. पण आजोबांना मोजमाप जमत नसे? ज्याच्या सांध्यांतून पाणी जात नसे त्या माणसाला? माझ्या तोंडून निघून गेलं, "मोजमाप बरोबर होतं. जमीन दुसरी होती."

भांड्यातलं पाणी उतू गेलं, चूल चरचरली. मग तिने शांतपणे विचारलं, "कुठली जमीन?"

सांगावं लागलं. तिचं नाव कासिल्दा. आजोबा गेले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिच्या आईचं नाव प्रुदेन्सिया, मिठाची पोती शिवायची, मिठाने बोटं कायम चिरलेली. ताई, आपल्याला आत्या आहे. हनुवटी आपल्या बाबांची, आणि कान (मी दोन्ही बाजूंनी पाहिले) तुझे. आपल्या घराविषयी तिला काही माहीत नव्हतं. तिच्या आईला माहीत असावं, कारण बाबा एवढे दिवस कुठे जातात असं विचारलं की ती म्हणायची, भरती-ओहोटी. (हे ऐकून मी, मागोमाग आत येऊन बसलेल्या गुरुजींकडे पाहिलं नाही.) गाडी यायची बंद झाली तेव्हा सांगायला कुणी आलं नाही. कोण येणार? प्रुदेन्सिया दर खेपेच्या दिवशी पाणी चढवत राहिली. मग एक दिवस गूळ महाग झालाय म्हणाली आणि थांबली.

कासिल्दाने मला एकच विचारलं. "कशाने गेले?"

"तापाने. झोपेत."

"घरी?"

"घरीच."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं दरीत गेले. मी अजून घाटाच्या वळणावर फूल टाकते."

मी उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो. बैलांना तहान नव्हती. जीपमध्ये बसल्यावर गुरुजी म्हणाले, "सुतारबुवा, एक कळत नाही. या बैलगाडीच्या चालीने माणसाला दोन संसार करायला वेळ कुठून मिळाला?" एरवी मी त्यांना चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी कानेलोच्या शिंगांचा पट्टा उगाच सोडून पुन्हा आवळला.

संमेलनाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझी शोभा झाली. पुढच्या दारी बांधलेल्या लुसेरोने हॉटेलचं फुलांचं कुंपण खाल्लं, आणि कुंपणाला बांधलेला संमेलनाचा फलक, तोही अध्यक्षांच्या नावापर्यंत खाल्ला. एका कादंबरीकाराने मला विचारलं की आपल्याकडच्या गाड्यांवर असतात तशी फुलं माझ्या गाडीवर रंगवायची राहिली का. मी म्हटलं, मिठाच्या गाडीवर फुलं रंगवली तर महिन्याभरात खपल्या पडतात. तो वहीत लिहून घेऊ लागला, म्हणून मी गप्प बसलो. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो, चौदावं प्रकरण उघडलं, पहिलं वाक्य वाचलं, "तो सूर साऱ्या मुलखात एकच बाई ओळखत होती," आणि पुढे वाचता येईना. घसा बसला नव्हता. वाक्य चूक होतं. मी म्हणालो, हे प्रकरण मी मागे घेतो, तपशिलात चूक आहे, आणि बसलो. आजवर संमेलनात कुणी असं केलेलं नसावं, कारण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पुस्तक मिटलं पण गुरुजींनी तोंड मिटलं नाही. जेवणाच्या रांगेत भात वाढून घेईपर्यंत त्यांनी ग्रिसेल्दाबाईंना निळ्या घरापासून स्टुलापर्यंत सगळं सांगितलं होतं. बाई ताट घेऊन थेट माझ्या टेबलाशी आल्या. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहीत नाही. शेवटी छापायला गुरुजींचे चाचे निवडले गेले. ते अजून कॉफी पीत आहेत.

तर एकंदरीत प्रवास चांगला झाला. तीन, नऊ आणि चौदा ही प्रकरणं गेली. जी उरली त्यांत बहुतेक हवामान आहे. तू काळजी करू नकोस, आजोबांची तसबीर भिंतीवरून उतरवू नकोस, मेणबत्तीही चालू ठेव. फक्त आजीच्या तसबिरीपासून तूर्त वीतभर लांब सरकव, दोघांना जरा विचार करायला वेळ मिळेल.

दाजींना नमस्कार, कोंबडीला दाणे.

तुझा धाकटा,
एवेलिओ

ता. क. हे पत्र गुरुजी जीपने पुढे घेऊन येत आहेत. त्यांना तोंडी काही विचारू नकोस. आल्या आल्या जेवायला बसव, आणि वाढत राहा. तोंड भरलेलं असलं तरच तो माणूस गप्प असतो.

दुसरा ता. क. फरशीचं मी वर सहज विचारलं होतं, पण सहज नव्हतं. दाजी सोमवारी पहार घेऊन चुलीपाशचा तो खडक फोडणार आणि सपाट फरशी घालणार असं ठरलं होतं. ताई, त्यांना थांबव. रड, चीड, गुडघे दुखायला लागले म्हण, पण तो उंचवटा राहिला पाहिजे. परतताना सान मातेओहून मी आत्याला घेऊन येतो आहे, हे तिच्या ओसरीवरच ठरलं. गुरुजी तिला जीपमध्ये बसा म्हणाले, तर ती म्हणाली, "जीपचा आवाज ऐकून कुणी पाणी चढवत नाही." तिला बाबांची कबर बघायची आहे. सोबत ती तिचं स्टूल आणते आहे. जन्मभर ते चकतीवर उभं आहे. तुझ्या चुलीपाशी ते एकदा तरी चकतीशिवाय उभं राहिलेलं मला बघायचं आहे, आणि आजोबांना मोजमाप जमत होतं हे तिच्या तोंडून ऐकायचं आहे. बाकी तुला तिच्याशी काय बोलायचं, बोलायचं की नाही, हे तू ठरव. मी तुला काही सांगणारा कोण? फक्त कडं मी अजून काढलेलं नाही. शनिवारी तुला तीन वळणांवरून ऐकू येईल. पाणी चढव.

तिसरा ता. क. ग्रिसेल्दाबाई काय म्हणाल्या, ते गुरुजी पहिल्या घासालाच सांगतील, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. त्यांना दुसऱ्या घरासकट कादंबरी हवी होती. म्हणाल्या, बाकी काही बदलू नका, फक्त ती पोती शिवणारी बाई जरा रंगवा, केसांत लाल फूल, अंगणात नाच, हातात गिटार. मी म्हणालो, त्या घरात गिटार नव्हती, मी विचारून घेतलं आहे. प्रुदेन्सियाला नाचता येत नसे, तिचे पाय सुजायचे. बाई म्हणाल्या, बरं, फूल सोडा, नाच सोडा, गिटार तेवढी राहू द्या. एका गिटारीचे वीस लाख कोलोन रोख. मी नाही म्हणालो.